चांदवाले सारंग

चेंदणीच्या सारंगांना पाण्याची भीती वाटत असे. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. कुचेष्टेला पुढे भरपूर जागा आहे. सरकारच्या लढाऊ आगबोटीवर ज्याने वीस-बावीस वर्षं काढली, सारंग म्हणून ज्याच्या हुकमात चाळीस खलाशी होते, बुडणारी माणसं वाचवली म्हणून ज्याला सरकारने छातीवर लावायला रुप्याचा चांद दिला, तो हा गृहस्थ ठाण्याच्या खाडीत नुसत्या उभ्या असलेल्या होडीतही पाय टाकीत नसे. एकदा खाडीपलीकडे त्यांच्या मेहुणीचं लग्न निघालं. सगळी चेंदणी वाजतगाजत होड्यांतून गेली आणि सारंग रेल्वेच्या पुलावरून, रुळांखालच्या फळ्यांवर पाय ठेवीत, एकटे निघाले. पुलावरच्या पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा त्यांनी त्याला कोटावरचा चांद दाखवला. त्याने तो निरखून पाहिला आणि त्यांना आल्या वाटेने परत पाठवलं. लग्नाला सारंग पोचलेच नाहीत. पुढे कुणी विचारलं तर म्हणत, "आमी आगबोटीचं मानूस. असल्या लाकराच्या टोपल्यात बसलो तं आमची इज्जत जाते."

मी तेव्हा ठाण्याच्या मराठी शाळेत नवा मास्तर होतो. घर कल्याणला, वडील तिथे भिक्षुकी करीत. रोज जाणं-येणं सोयीचं नव्हतं म्हणून चेंदणी कोळीवाड्याच्या कडेला एका खोलीत बिऱ्हाड केलं होतं. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासाला माझं नाक महिन्याभरात सरावलं. समोरच्या ओटीवर बसणाऱ्या सारंगांना मात्र मी दोन वर्षांत सरावलो नाही.

सकाळी उठून लोक देवाला फूल वाहतात, सारंग चांद घासत. आधी राख, मग रिठ्याचं पाणी, मग कोरडं फडकं. चांदावर राणीचा मुखडा होता. घासून घासून तिचं नाक पार गेलं होतं. मूळची फीत विटून तुटली तेव्हा सारंगीणबाईंनी जुन्या खणाची पट्टी शिवून दिली, आणि पुढे कैक वर्षं राणीसाहेब चोळीच्या काठाला लोंबत राहिल्या. चांद कोटाला, आणि कोट उघड्या अंगावर. कमरेला कोळ्याचा रुमाल, वर वैशाखातसुद्धा बनातीचा काळा कोट, अशा थाटात ते बाजारात जात. समोरून येणाऱ्याने थांबून सलाम करावा अशी अपेक्षा असे. नाही केला तर ते स्वतः थांबत आणि खाकरत, आणि सलाम होईपर्यंत खाकरत राहत.

घरात ते बोलत नसत, शिट्टी वाजवत. आगबोटीवर हुकूम द्यायची ती शिट्टी त्यांनी सोबत आणली होती. एक लांब वाजली की पाणी, दोन आखूड वाजल्या की चिलीम, आणि तीन वाजल्या की सारंगीणबाईंनी हातातलं काम टाकून ओटीवर यावं, कारण रावसाहेबांच्या पाठीला खाज सुटलेली असे. ती बाई कधी उलट बोलली नाही. एकदाच, विहिरीवर घागर भरताना, मला म्हणाली, "आगबोट बंदराला लागली का खलाशी तरी सुटतो, मास्तर."

एक गोष्ट त्यांना येत होती, हे कबूल केलं पाहिजे. दोर हातात आला की हा माणूस बदलून जाई. बडबड थांबे, खाकरणं थांबे, बोटं आपापली चालू लागत. मी त्यांना एकदा शाळेत बोलावलं. त्यांनी मुलांना सात-आठ तऱ्हेच्या गाठी शिकवल्या, कुठली ओढल्यावर आवळते, कुठली एका झटक्याने सुटते, कुठलीवर जीव टांगावा आणि कुठलीवर नाही. तासभर त्यांनी स्वतःचं नाव काढलं नाही. त्या तासापुरते ते मला आवडले. तेव्हाच मी त्यांचे तळवे पाहिले. दोन्हींवर आडवे पांढरे व्रण होते. वाफेच्या नळाने भाजलं, असं ते म्हणाले.

त्यांच्या घरामागे गोदी राहत असे. तिशी नुकती उलटलेली, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन खोपटपर्यंत फिरणारी, तोंडाने फटकळ. तिचा नवरा महादू सारंगांच्याच आगबोटीवर खलाशी होता. सारंग चांद घेऊन परत आले तेव्हा महादू त्यांच्याबरोबर नव्हता. सारंगांनी गोदीच्या दारात उभं राहून सांगितलं की महादू एडनच्या बंदरात उतरून पळाला, तिथे त्याने दुसरी बाई केली, आणि आता तो यायचा नाही. या गोष्टीला दहा वर्षं झाली होती. गोदी रोज सकाळी पाटीवर मासळी कापायला बसे आणि कापता कापता महादूच्या नावाने, त्याच्या त्या बाईच्या नावाने, त्याला जन्म देणारीच्या नावाने शिव्या देई. पहिल्या दिवशी मी खिडकी लावून घेतली. नंतर शाळेत जायची वेळ त्यावरून कळू लागली.

कान्हू नावाचा एक विधुर तांडेल होता. कल्याण बंदरातून कौलं भरून त्याची होडी खाली येई. पावसाळ्याआधी गोदीचं छप्पर तो शाकारून देई आणि कामापलीकडे बोलत नसे, पण त्याच्या मनात काय आहे हे साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं. गोदीचीही ना नव्हती. कोळ्यांत विधवेचा पाट लागतो, त्यात कुणी नाक मुरडत नाही. अडचण वेगळीच होती. काडीमोड घ्यायला नवरा समोर हवा, पाट लावायला नवरा मेलेला हवा. गोदीचा नवरा समोरही नव्हता आणि मेलेलाही नव्हता. जमातीच्या पाटलांनी दोनदा सारंगांच्या ओटीवर जाऊन विचारलं होतं, "महादूचं काय कललं का? मेला-बिला?" दोन्ही वेळा सारंगांनी चांदावर हात ठेवून सांगितलं, "जिता हाय. मी माज्या डोल्यांनी बगला." त्या एका वाक्याने गोदी दहा वर्षं जागच्या जागी खिळली होती, आणि कान्हूच्या डोक्यावर पांढरं होत चाललं होतं.

असल्या माणसाचं चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. कलेक्टरसाहेबांच्या दरबारात आपल्याला खुर्ची मिळावी असा सारंगांचा ध्यास होता. पेन्शनवाले लोक तिथे उभे राहत. खुर्ची मिळणं म्हणजे मोठा मान. अर्जासोबत आपल्या कामगिरीची हकिकत जोडायची होती. संध्याकाळी ते माझ्या खोलीत येऊन बसत, एकुलत्या एका खुर्चीवर, आणि मी पेटीवर कागद ठेवून लिहीत असे.

मुख्य हकिकत अशी. एडनच्या बाहेर समुद्र खवळलेला, साहेब लोकांचा पडाव उलटला, सात गोरे पाण्यात. सारंगांनी कमरेला दोर बांधला, उडी टाकली आणि एकेकाला धरून सातही जणांना बोटीला आणून लावलं. हे सांगताना ते उठून उभे राहत आणि माझ्या खोलीत पोहून दाखवत. मी सहज विचारलं, "दोर तुमच्या कमरेला, मग दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

"महादूनी," सारंग म्हणाले, आणि पोहता पोहता थांबले. "नय नय. महादू तं आदल्या दिशीच पलाला व्हता. टोक लोखंडाला बांधलं व्हतं. तसाच लिवा. एक खलाशी पलाला तरी सारंगानी हिंमत सोरली नय, असा लिवा."

मला तिथेच शंका यायला हवी होती. आली नाही. माझं अक्षर त्या काळी फार चांगलं होतं आणि त्याचा मला गर्व होता. मी टाक बदलला, आणि 'महादू विठू खलाशी हा नोकरी सोडून पळून गेला असतांही' असं वळणदार अक्षरात लिहून टाकलं. सारंगांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि 'आलराइट' म्हणाले. मला धन्य वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते.

अर्ज गेला, आणि पुढच्या भाद्रपदात मी पितृपक्षासाठी कल्याणला गेलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, थकले होते, म्हणून त्यांची पिशवी धरायला मी बरोबर जात असे. घातचतुर्दशीला ते शहाडला नदीकाठी बसत. पाण्यात बुडून, पडून, शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी होतं, त्यामुळे लांबलांबचे लोक येत. मी तांब्या भरून वर येत होतो तेव्हा अण्णांचा आवाज कानावर आला. काश्यप गोत्र, नाव महादू, बापाचं नाव विठू. मी वर पाहिलं. अण्णांसमोर एक उघडाबंब म्हातारा बसला होता. कोट नाही, चांद नाही, त्यामुळे मी त्यांना ओळखलंच नाही. ओळखलं ते तिलोदक सोडायला ओंजळ पुढे आली तेव्हा, त्या पांढऱ्या व्रणांवरून. लोक नदीच्या पाण्यात उभे राहून तर्पण करीत होते. हे पाण्यापासून वीस पावलं दूर, परातीत पाणी घेऊन बसले होते.

त्यांनी मला पाहिलं. पण विधी पुरा होईपर्यंत ते उठले नाहीत.

मी म्हटलं, "सारंग, महादू तर एडनला आहे ना?"

"ह्ये आमचं खाजगी काम हाय, मास्तर."

"तिकडे ती बाई शिव्या देत बसली आहे, आणि तुम्ही इथे त्याला तिलांजली देता?"

बोटातलं दर्भाचं पवित्रक काढीत ते म्हणाले, "मी त्याला दर सालाला जेवाला घालतंय. त्याच्या बायकोनी काय घातलं? शिव्याच ना?" आणि कोट खांद्यावर टाकून स्टेशनच्या वाटेला लागले. आजवर मी पुष्कळ निर्लज्ज माणसं पाहिली, पण इतकं स्वच्छ, मनापासूनचं निर्लज्जपण दुसरं पाहिलेलं नाही. मेलेल्याचं पान वाढतो याचं त्यांना पुण्यच वाटत होतं.

अण्णा तीळ तसेच हातात धरून बसले होते. "दर वर्षी येतो हा," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी मी विचारलं, नातं काय सांगू? बराच वेळ विचार करून म्हणाला, खलाशी. म्हटलं, बाबा रे, शास्त्रात खलाशी असं नातं नाही. मग सखा म्हणून नाव घेतलं." जरा थांबून ते पुढे म्हणाले, "अरे, पण तो मनुष्य जिवंत आहे म्हणतोस? मग इतकी वर्षं मी जिवंत माणसाचं श्राद्ध करतोय?"

मी त्यांना गोदीची सगळी हकिकत सांगितली. ऐकून त्यांनी पिशवी बांधायला घेतली. मी म्हटलं, यजमानाची गोष्ट चारचौघांत सांगणं बरं दिसेल का? अण्णा संतापले. "मी काय चोरून केलं? भर दिवसा, नदीच्या काठावर, मोठ्याने नाव घेतलंय. तेच नाव ठाण्याला येऊन घेईन."

अमावास्या सरल्यावर चौथ्या दिवशी सकाळी जमात देवळापुढे बसली. बायका एका कडेला, गोदी त्यांच्या मागे. कान्हू होडी बंदरात लावून आला होता. सारंग कोट-चांद घालून आले आणि नेहमीप्रमाणे पुढे बसले. अण्णांनी जे घडलं ते चार वाक्यांत सांगितलं आणि मी खाली सतरंजीकडे पाहत उभा राहिलो, कारण अर्जातली ती ओळ मला आठवत होती.

पाटील म्हातारे होते, हळू बोलत. "सारंग, येवरंच सांग. पान वाढतंस ते जित्याचं का मेल्याचं?"

सारंग नुसते खाकरले.

"जित्याचं असंल तं तू त्याला मारायचा इधी केलास. मंग जमात तुज्या दारात पाय नय ठेवाची. तू मेलास तरी नय."

सारंगांना मूलबाळ नव्हतं. आपल्याला खांदा द्यायला याच बसलेल्या माणसांतले चौघे लागणार, हा हिशोब त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. त्या बाईची दया आली म्हणून नव्हे, महादूची आठवण झाली म्हणून नव्हे, स्वतःचं मढं ओटीवर पडून राहील या भीतीने त्या माणसाच्या तोंडून खरा शब्द बाहेर पडला.

"मेला," ते म्हणाले.

मग बाकीचं आलं. दोर महादूच्या कमरेला होता. उडी महादूने टाकली. साहेबांना एकेक करून त्याने दोराला लावलं आणि सारंगांनी वर ओढलं. सातवा वर आला तेव्हा मोठी लाट आली, दोर हातातून सरसरत गेला, तळवे सोलले. "धरवला नय," सारंग म्हणाले. "मी सोरला." साहेब लोक शुद्धीवर आले तेव्हा समोर ओलेचिंब सारंग उभे होते. साहेबाने विचारलं, तूच का तो? सारंगांनी मान हलवली. मग महादू कुठे गेला हे कुणी विचारू नये म्हणून हजेरीपटावर त्याला आदल्या दिवशी पळालेला दाखवला. हजेरी सारंगच ठेवीत. उरलेल्या खलाशांची नोकरी त्यांच्याच हातात होती.

पाटलांनी विचारलं, "सोरलास ते समजतंय. हात भाजला, सोरलास. पन मंग ह्या पोरीला येवून खोटं का सांगलास?"

दोर सुटला त्याबद्दल मी त्यांना कधीच दोष दिलेला नाही. लाटेपुढे कुणाचे हात टिकतात? पण दारात जाऊन मेलेला माणूस जिवंत असल्याची बातमी सांगायला लाट लागत नाही, आणि त्या बातमीपायी गोदीने दिलेल्या शिव्या दहा वर्षं रोज सकाळी ओटीवर बसून ऐकताना त्यांचा चांद घासणारा हात एकदाही अडला नव्हता.

जमातीने सारंगांना वाळीत टाकलं नाही. खरं बोलला, असं म्हणून दंडावर सोडलं. त्यांना दरबारात खुर्चीही मिळाली, अगदी शेवटच्या रांगेत, खांबाआड. मी कचेरीत दुसरा अर्ज पाठवला की आधीच्या हकिकतीत चूक आहे, महादू पळालेला नसून बुडाला. कारकुनाने कागद पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, अक्षर तुमचंच ना? मग आधी खोटं लिहिलंत की आता?" तो कागद पुढे गेलाच नाही. सरकारी दप्तरात माझ्या सुंदर अक्षरात महादू आजही पळालेलाच आहे. सारंग आणखी आठ-नऊ वर्षं जगले, ओटीवर बसले, खाकरले. गेले तेव्हा जमातीतल्या चौघांनी त्यांना रीतसर नेलं. सारंगीणबाईंनी ती शिट्टी त्याच दिवशी विहिरीत टाकली असं म्हणतात. मी तोवर बदलून दुसरीकडे गेलो होतो आणि बातमी कळल्यावर मला काहीही वाटलं नाही.

मला आठवते ती जमात बसल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. आदल्या दिवशी गोदी रडली नव्हती. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, तेव्हाही नाही. महिन्याभराने कान्हूशी तिचा पाट लावायचा हे पाटलांनी तिथेच ठरवून टाकलं होतं. सकाळी मी जागा झालो तो उशीर झाल्याच्या धास्तीने, कारण शिव्या ऐकू आल्या नव्हत्या. दार उघडलं तर गोदी पायरीवर उभी. टोपली खाली ठेवलेली, हात मोकळे.

"मास्तर, त्या कागदात तुमी लिवलंव ना, महादू पलाला म्हनून?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

"मी बी तेच बोललंय. दहा वर्सां. रोज." ती रागावलेली नव्हती, विचारायला आली होती. "तो पान्यात व्हता, आनी मी हिथं बसून त्याच्या आयशीला शिव्या घालत व्हतंय. तुमचा कागुद तरी फारता येल, मास्तर. मी बोललंय ते कसं फारू? शिकलेलं हाव तुमी, सांगा ना."

मी वाकून टोपलीला हात दिला. ती टोपली डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघून गेली.